टेकडीकडचं निवळ पाणी

सोयाबीनले फूल लागलं का सकाळपासून साऱ्या शिवारात पंपाची घरघर सुरू होते. वारा ज्या वावराकडून येईल तिथल्या औषधाचा वास घरात घुसते, मंग मी दोरीवरचे लंगोट पटपट काढून आत टाकते, बाबूले पदराखाली घेते अन् दार लोटून बसते. माह्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आमी त्याईले, त्या म्हणतात का दार लावून वास थांबते काय वं. थांबत नाही हे मलेही माईत हाय. पण उघडं दार पाह्यलं का माहा जीव घाबरते.

यंदा बाबू बरोबर ह्याच दिवसात सहा महिन्याचा झाला. आजवर तो अंगावरच्या दुधावर होता, म्हणून मी थोडी तरी बेफिकीर होती. आता दवाखान्याच्या सेंटरवाल्या बाईनं सांगतलं का वरचं खाणं सुरू करा, आत्याबाईनं उष्टवणाचं काढलं, अन् वरचं खाणं आलं म्हणजे वरचं पाणीही आलं. त्याच्या तोंडात पहिलं पाणी कोणतं जाईल, एवढीच गोष्ट हाय. ऐकणाऱ्याले हे काही मोठं वाटणार नाही. पण बाबूची मोठी बहीण गुड्डी एवढीच होती तो पावसाळा मले आठवते, अन् आठवला का हातातलं काम हातातच राह्यते.

आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूले, रस्ता सोडून आत. गावाच्या खालून नाला वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात, अन् दिवाळीच्या थोडं पुढवर. तो दोन अंगानं येते. एक टेकडीकडून येते अन् दुसरा गोठाणाकडून. गोठाण म्हणजे जिथं दुपारी गावातले ढोरं बसतात, म्हशी पाण्यात डुंबतात, ती जागा. पळसाच्या झाडाखाली दोन्ही अंग मिळतात, पण मिळाले तरी लगेच एक होत नाहीत. थोडं दूरवर बाजूबाजूनंच चालतात. टेकडीकडचं पाणी निवळशंख, तळातला गोटा न गोटा मोजून घ्या, अन् गोठाणाकडचं चहावानी. नवीन नवरी होऊन आली तवा मले हे पाहून नवल वाटलं होतं. कोणी तरी मधात रेघ मारून ठेवल्यासारखं पाणी. माह्या माहेरी असं काही नव्हतं, तिथं एकच नदी अन् तीही उन्हाळ्यात गोट्याची.

त्या निवळ पाण्याच्या काठच्या रेतीत आमच्या आळीतल्या बायाचे झिरे. झिरा म्हणजे रेतीत हातानं खोदलेला खड्डा, कोपरभर खोल. नाल्याचं पाणी रेतीतून झिरपून त्याच्यात येते, ते वाटीवाटीनं गुंडात, म्हणजे पितळी घागरीत, भरायचं अन् जाताना वरून बाभळीची फांदी ठेवायची, कुत्र्यानं तोंड घालू नाही म्हणून. ज्या घरचा झिरा त्या घरचा, दुसरी बाई त्याच्यात वाटी घालत नाही. सासूकडून तो सुनेकडं येते. पुरानं बुजला का सासू रेतीवरून अनवाणी चालते, एका जागी थांबते अन् म्हणते, इथं खोद. खोदलं का पाणी लागते. हे त्याईले कसं कळे ते मले आजवर समजलं नाही.

गावात नळ हाय. पण त्या बोअरच्या पाण्यानं डाळ शिजत नाही, भगोण्याले पांढरा थर धरते. हापशालेही तेच पाणी, त्याले तं लाल रंग मारला हाय, पिऊ नका म्हणून. तालुक्याच्या मालेगावहून पाण्याचे जार येतात, पण ते लग्नात अन् तेरवीले. म्हणून पिवाले झिऱ्याचं, बाळंतिणीले झिऱ्याचं, अन् लेकराची पहिली वाटीही झिऱ्याचीच. गुड्डीले तेच पाजलं.

तवा मी स्वतःच लेकरू होती म्हणा. नववीतून शाळा सुटली, मंग लग्न, मंग गुड्डी. मले साऱ्याची भीती वाटे. विजेची, इंचवाची, गुड्डीची टाळू उडे त्याची, तिनं जास्त झोप घेतली त्याची, कमी घेतली त्याची. आत्याबाईच्या भरोशावर दिवस निघत. त्याईचा एक कडक नियम होता. ज्या घरात तान्हं लेकरू हाय त्या घरात बाहेरून आलेल्या माणसानं तसंच आत यायचं नाही. पहिले हा नियम मयतीवरून आलेल्या माणसाले होता, रातच्या परवासावरून आलेल्याले होता. आता आत्याबाईनं त्याच्यात फवारणी घातली. फवाऱ्यावरून आलेला माणूस, त्याचे कपडे, त्याचा पंप, काहीच घरी आणायचं नाही. सारं नाल्यावर धुऊन यायचं, अंग घासून यायचं, मंगच लेकराले हात लावायचा.

आमचे हे स्वतःच्या वावरात फवारतात अन् सीझनमध्ये दुसऱ्याच्या वावरात रोजानंही जातात. नियम त्याईनं मनापासून पाळला. संध्याकाळी ओल्या केसानं येत, साबणाचा वास घेऊन. पंप बाहेरच्या छपरीले टांगलेला, धुतलेला, चकचकीत. शेजारच्या बेबीमावशीच्या घरी पंप खाटीखाली राहे अन् तिचे नातवंडं त्याच्यावर बसून घोडा घोडा करत. ते पाहून आत्याबाई मले हळूच म्हणत का पाह्य, याले म्हणतात अडाणीपणा. मले मोठा आधार वाटे. मी म्हणो, आपल्या घरात तं औषधाचा थेंब येत नाही.

टेकडी पहिले अशी नव्हती म्हणतात. आत्याबाई नवीन होत्या तवा सारी टेकडी म्हणजे गायरान. कुसळी गवत, पळस, सीताफळाचे झुडपं. बकऱ्या अन् ढोरं, बस. मंग लोकाईनं एक एक तुकडा वहीत केला, नांगराखाली आणला, ज्वारी पेरली, कापूस पेरला, मंग सोयाबीन आलं, अन् आता तं वरच्या अंगाले हळद हाय, नळ्या टाकून. धुरे पाहा ना. दोन वावराच्या मधातला धुरा पहिले बैलगाडी जाईल एवढा रुंद राहे अन् त्याच्यावर माणसाएवढं गवत. पावसाचं पाणी त्या गवतात अडके, गाळ तिथंच बसे. आता धुरा म्हणजे दोरी. त्याच्यावरही तणनाशक मारतात, तो पिवळा पडते अन् पहिल्या पावसात अर्धा वाहून जाते.

निंदण तं मीही केलं, लग्नाच्या वर्षी. बाया ओळीनं बसत, खुरपं चाले अन् तोंडही चाले. कोणाच्या सासूनं काय म्हटलं, कोणाचा नवरा कसा घोरते. बेबीमावशी अशा काही गोष्टी सांगे का मी पदर तोंडात कोंबून हासो. वावर हातानं ओळखीचं होये, कुठं दगड हाय, कुठं पाणी साचते, कुठं लाव्ह्याचं घरटं हाय. आता एक माणूस पाठीवर पंप घेऊन फिरते अन् आठ दिवसात गवत जळून जाते. आमी बाया घरी. म्हणून नाल्यावर आरामात बसाले वेळ मिळे, एवढाच फायदा.

त्या श्रावणात गुड्डीले हगवण लागली. पहिले वाटलं दात येत असतील. मंग उलटी झाली, मंग ती रडाचीच बंद झाली. रडणारं लेकरू परवडलं, गप पडलेलं नाही. तिचे हात मी उचलले का ते तसेच खाली पडत. याईनं गाडी काढली, मी तिले पोटाशी बांधली, मालेगावले पोचेपर्यंत मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसली होती. श्वास लागे तं बरं वाटे, गाडी हालली का लागत नसे, मंग बोट अजून जवळ नेओ. डॉक्टरनं सलाईन लावलं, पुड्या देल्या, पाणी उकळून पाजाले सांगतलं. मी सांगतलं का डॉक्टरसाहेब पाणी तं लय निवळ हाय. ते म्हणाले, निवळ असलं तरी उकळा. बरोबरच सांगतलं त्याईनं. त्याईले काय माईत आमच्या नाल्याचं, अन् मलेही कुठं माईत होतं.

उकळलं. सकाळ संध्याकाळ उकळलं. गुड्डी उठली, हासाले लागली, अन् पंधरवड्यात पुन्हा आजारी पडली. आत्याबाईनं मीठ मोहऱ्या उतरवल्या. माही भीती आता एका जागी, पाण्यावर, येऊन बसली होती, पहिल्यासारखी साऱ्या घरभर फिरत नव्हती.

गोधड्या आमी गोठाणाकडच्या पाण्यात धुतो, कारण निवळ पाणी पिवाचं, ते कायले खराब करा. त्या पाण्यात पाय ठेवला का बारीक बारीक मासोळ्या येतात अन् पायाच्या बोटाले लुचतात. गुदगुल्या होतात. एक दिवस मी अशीच गोधडी आपटून राह्यली होती अन् एक पाय घसरून रेघेच्या पलीकडं गेला, टेकडीकडच्या पाण्यात. तसाच राहू देला. ह्या पायाले मासोळ्या लुचून राह्यल्या अन् त्या पायाले काहीच नाही. मी थांबली. दोन्ही पाय तसेच ठेवून थांबली. मंग वाकून पाह्यलं. ह्या बाजूले बेंडकाचे काळे पिल्लं वळवळत होते, पाण्यावर पाय पसरून चालणारे किडे होते, गोट्याले शेवाळ होतं. त्या बाजूले गोटे अशे होते जशी घासून ठेवलेली भांडी. एक किडा नाही. शेवाळही नाही. मी एवढ्या दिवसाची तिथं वाटी घेऊन बसे अन् मले ते चांगलं वाटे, का बाई, किती साफ हाय.

त्याच आठवड्यात मी याईची शिदोरी घेऊन वावरात गेली. ज्या वावरात हे होते त्याच्या जवळून गोठाणाकडचा नाला जाते, पण हे तं दूर, टेकडीच्या अंगाले जाऊन ड्रम भरून राह्यले होते. मी विचारलं का एवढ्या दूर कायले जाता. त्याईनं मले समजावून सांगतलं, पोट्टीले सांगावं तसं. गढूळ पाणी पंपात टाकलं का नोझल चोक होते, मंग ते काढा, तोंडानं फुंका, पुन्हा लावा, दिवस असाच जाते. म्हणून साऱ्या शिवारातले फवारेवाले टेकडीकडचंच पाणी घेतात. त्याईलेही निवळ पाणी लागते. आमाले लेकरासाठी लागते, त्याईले पंपासाठी लागते, अन् निवळ पाणी गावात एकच हाय.

मी त्या दिवशी काम संपेपर्यंत थांबली. याईनं टेकडीकडच्या नाल्यातच पंपातलं उरलेलं पाणी ओतलं, ते दुधावानी पांढरं. पंप हिसळला, पुन्हा पांढरं, पुन्हा हिसळला, थोडं कमी पांढरं. मंग कपडे धुतले. मंग कंबरभर पाण्यात बसून अंगाले साबण लावला, मानेले, कानाच्या मांगं, नखात. हात नाकाशी नेऊन वास घेतला, पटला नाही, पुन्हा साबण लावला. हे सारं गुड्डीसाठी. माह्यापुढं हात धरून म्हणाले का पाह्य, वास येते का. वास येत नव्हता. मी पाण्याकडं पाहून राह्यली होती. पांढरं पाणी केव्हाच खालच्या वळणाले गेलं होतं.

मी म्हटलं, “अजी, हे पाणी कुठं जाते?”

“खाली.”

“खाली कुठं?”

याईनं माह्याकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं, पळसाच्या शेंड्याकडं. मंग म्हणाले, “वाहत्या पाण्याले इटाळ नसते वं.” पण साबण त्याईनं गोट्यावर ठेवून देला, अन् पुन्हा हातात घेतला नाही.

घरी येऊन मी पाणी उकळाले ठेवलं अन् चुलीपाशी बसून इचार केला. भातात मीठ जास्त पडलं अन् पाणी आटलं तं भात अजून खारट होते. पाणी उडून जाते, मीठ काही उडत नाही. मंग औषध कसं उडन. मी शिकली नाही, मले पक्कं सांगता येत नाही, पण चुलीपुढं बसून एवढं तं कोणालेही कळते. भगोणं उतरवलं अन् ते पाणी बाहेर फेकून देलं. मंग दुसरं कुठून आणू ते समजेना, म्हणून पुन्हा तिथूनच आणलं.

आत्याबाईले सांगणं म्हणजे डोंगर. त्याईचा तो झिरा. मी शब्द जुळवून सांगतलं, मासोळ्याचं सांगतलं, पांढऱ्या पाण्याचं सांगतलं. त्या रागावल्या नाहीत, त्याईले लागलं. त्या म्हणाल्या का ह्याच झिऱ्याच्या पाण्यावर माहे सारे लेकरं मोठे झाले, तुह्या नवऱ्याचा पिंड ह्याच पाण्याचा हाय. हे खरं होतं. तवा टेकडीवर गवत होतं, एवढंच म्हणता आलं असतं, अन् तेही सासूले उलटं बोलल्यासारखं झालं असतं. बेबीमावशीच्या कानावर गेलं तं तिनं नाल्यावर साऱ्या बायात म्हटलं का नववी शिकलेली सून आणली तं ती आता नाल्यालेच नापास करून राह्यली. बाया हासल्या. मीही हासली, काय करता.

याईनं मातर आपल्यापुरतं बदललं. पंप आता धुऱ्यावर हिसळत अन् ते पाणी पुन्हा शेवटच्या तासावर, म्हणजे पिकाच्या शेवटच्या ओळीवर, फवारून टाकत. बाकीचे त्याईले म्हणत का काय लेका, वावराले आंघोळ घालून राह्यला काय. पण शिवारात हे एकटे थोडेच होते. अन् घरात पाणी तेच येत होतं. गुड्डी पाण्यासाठी वाटीकडं हात करे तं मी तिले अंगावर घेओ. उकाड्यात ती दूध सोडून वाटीकडंच पाहे. आत्याबाई म्हणत, पाज ना, तहानलं हाय लेकरू. मी म्हणो, पाजते. अन् पाजत नसो.

मंग तो दिवस आला. मी शिदोरी घेऊन चालली होती, गुड्डी कडेवर. टेकडीच्या अंगाले ट्रॅक्टर उभा दिसला, मोठ्या टाकीचा. दुसऱ्या गावचा एक माणूस, तोंडाले दुपट्टा बांधलेला, पाण्यात उतरून ड्रम धुऊन राह्यला होता. परक्या माणसाशी मी आपण होऊन कधी बोलली नाही. त्या दिवशी कसं तोंड उघडलं काय माईत. म्हटलं, दादा, इथं धुऊ नका, खाली आमचा पिवाच्या पाण्याचा झिरा हाय, लेकरं पितात.

त्यानं दुपट्टा खाली ओढला. काही वाईट माणूस नव्हता तो. त्यानं गुड्डीकडं पाह्यलं, ड्रमाकडं पाह्यलं, अन् हळू आवाजात म्हणाला, “ताई, पहिले सांगाचं ना. आता तं सुटलं.”

मी पाह्यलं तं पांढरं पाणी वळणाले लागलं होतं.

मी पळाली. शिदोरी तिथंच टाकली, गुड्डीले दोन्ही हातानं छातीशी धरली अन् काठाकाठानं पळाली. ही वेळ आत्याबाईची पाणी भराची. पाणी काही घाई करत नव्हतं, डोहात थांबे, गोट्याले वळसा घाले, पण त्याले काटे नव्हते, चिखल नव्हता, कडेवर लेकरू नव्हतं. एक चप्पल काळ्या मातीत फसली ती सोडून देली. गुड्डीले वाटे मी खेळून राह्यली, ती हासे, हिसका बसला का अजून हासे. कधी पाणी माह्यापुढं, कधी मी पाण्यापुढं. जिथं नाला तुरीच्या मांगं जाते तिथं मले दिसेना का ते कुठवर आलं. मी मनात काहीच म्हणत नव्हती, देवाचं नावही नाही, नुसतं पोचाचं होतं.

पोचली तवा आत्याबाई झिऱ्यापाशी बसल्या होत्या, गुंड अर्धा भरलेला. बाजूच्या झिऱ्यावर बेबीमावशी. मले बोलता येईना. बेबीमावशी म्हणाली का कावं, मांगं वाघ लागला काय. मी हातानंच आत्याबाईची वाटी धरली. मंग एकेक शब्द करून सांगतलं, का वरून सोडलं, येऊन राह्यलं, थांबा.

आत्याबाईनं वाटी सोडवून घेतली नाही. पाण्याकडं पाहत बसल्या. आमी तिघीही पाहत बसलो. बराच वेळ काही आलं नाही अन् मले वाटलं का मी खोटी पडते. मंग ते आलं. दुधावानी राह्यलं नव्हतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यावानी, जरासं धुरकट. गोट्यापाशी फेस जमा झाला. आत्याबाईनं हात पुढं केला, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

“हा तं त्याच्या सदऱ्याचा वास हाय,” त्या म्हणाल्या.

जो सदरा त्याईनं घराच्या आत कधी येऊ देला नाही, त्याचा वास. आत्याबाई उठल्या, अर्धा भरलेला गुंड उचलून दूर कोरड्या गोट्यावर नेऊन पालथा केला, नाल्यात नाही. मंग झिऱ्यापाशी आल्या, लुगडं वर खोचलं अन् पायानं रेती लोटू लोटू झिरा बुजवला. सावकाश. एकदा इकडून, एकदा तिकडून. बुजल्यावर त्याच्यावर उभ्या राहून दाबलाही. मले रडू आलं, त्याईले नाही आलं. बेबीमावशीनं आपल्या झिऱ्यावर नुसती फांदी ठेवली अन् गुंड उचलून निघून गेली. पुढं बरेच दिवस ती तिथंच भरत होती. मंग भराची बंद झाली, काहून ते तिनं सांगतलं नाही अन् आमी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई गोठाणाकडच्या काठावर अनवाणी चालल्या. चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. इथं खोद म्हणाल्या. पाणी लागलं ते पिवळट, शेणाचा थोडा वास असलेलं. दोन दिवस उपसलं तवा बरं यायला लागलं. घरी आणून तुरटी फिरवायची, रातभर ठेवायचं, वरचं वरचं पातळ कापडातून गाळायचं अन् खळखळ उकळायचं. म्हशीची घाण उकळल्यानं मरते, हे डॉक्टरनंच सांगतलेलं. औषधाचं तसं नाही. एवढ्या हिशेबावर आमचं घर चालून राह्यलं.

गुड्डीचं पोट औषधानंच बिघडलं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाणी बदलल्यावरही ती एकदा आजारी पडली, मंग नाही पडली. आता ती साऱ्या आळीत उंडारते, मातीत लोळते, कोणाच्याही घरी पाणी पिऊन येते अन् मी बोंबलत मांगं फिरते. जे माईत नाही ते माईत नाही. पण मासोळ्याचं मी माह्या पायानं पाह्यलं हाय.

अन् आता गोठाणाकडंही सारं पहिल्यासारखं राह्यलं नाही. म्हशी कमी झाल्या, लोकं इकून टाकतात, चाराच नाही तं काय घालणार. वरचं एक वावर यंदा हळदीले गेलं. सकाळी बाया नाल्यावर आल्या का आता पहिले विचारतात, आज कोणाकडं फवारा हाय. ज्याच्याकडं असेल त्याच्या घरची बाई सांगते, खरं सांगते का लपवते ते तिचं तिले माईत. आत्याबाई वाटी घालायच्या आधी नाल्यात पाय ठेवून उभ्या राहतात. मासोळ्या आल्या तं भरतात. नाही आल्या तं रिकामा गुंड घेऊन येतात, अन् त्या दिवशी आमी बोअरच्या पाण्यात न शिजलेली डाळ खातो. हे असं कुठवर चालन ते मले माईत नाही. उद्याचा इचार केला का पुन्हा दार लोटून बसावं वाटते.

आज सकाळी बाबूचं उष्टवण केलं. घरच्या घरीच, कोणाले बोलावलं नाही. याईनं त्याले मांडीवर घेतलं, गुड्डीनं त्याच्या कपाळाले कुंकू लावलं ते नाकापर्यंत आलं. मऊ भाताचं बोट चाटवलं, त्यानं तोंड वाकडं केलं, मंग पुन्हा मांगलं. राह्यलं पाणी, गोठाणाकडच्या झिऱ्याचं. रातभर निवळवलेलं, गाळलेलं, उकळून थंड केलेलं, मीच केलं होतं सारं. वाटीत ओतलं अन् माहा हात तिथंच थांबला. चमचा उचलेना.

आत्याबाईनं माह्या हातातून वाटी घेतली. अर्धं पाणी स्वतः पेल्या, एका घोटात नाही, हळूहळू, तोंडात फिरवून. मंग वाटी माह्या हातात परत देली अन् भिंतीले टेकून बसल्या. पाण्यात औषध हाय का नाही, हे लगेच काही कळत नसते, हे मलेही माईत हाय अन् त्याईलेही. बाबू वाटीकडं हात करून राह्यला होता. मी आत्याबाईच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

थोड्या वेळानं मी विचारलं, पाजू का.

“घाई कायची हाय,” आत्याबाई म्हणाल्या, “अजून थोडं बसू.”

आमी बसलो.